आय, आई, आऊसाहेब : सुलोचनाबाईंच्या पडद्यावरील मातृरूपाचा विचार

१

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य अंगास भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. रोहिडा आणि रायरेश्वर भोरमध्ये, राजगड आणि तोरणा वेल्ह्यात. वेल्हे तालुक्यास तर शासनाने अलीकडे राजगड हेच नाव दिले आहे. हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही शिवकालीन कागदपत्रांतून येणारी नावे याच भूमीची. कारीचे जेधे, हिरडस मावळातील बांदल, शिंदचे बाजीप्रभू देशपांडे ही माणसेही येथलीच. मराठी ऐतिहासिक चित्रपटाने आपल्या कथानकाचा मोठा भाग या दऱ्याखोऱ्यांतून उचलला आहे. भोर संस्थानच्या राजवाड्यात गेल्या काही दशकांत हिंदी-मराठी चित्रपटांची चित्रीकरणेही होत आली आहेत. अर्थात हा मुलूख पडद्यावर दिसला आहे. तो पडद्यावर ऐकू मात्र क्वचितच आला आहे.

या न ऐकू येण्याचे एक लहानसे उदाहरण म्हणजे आईला उद्देशून येणारा शब्द. मावळातील खेड्यांत जुन्या पिढीचे माणूस आईचा निर्देश ‘आय’ असा करते आणि हाक मारताना ‘आये’ म्हणते. पुस्तकी व शहरी मराठीत ‘आई’ हा शब्द स्थिर झाला आहे. राजगडावर ज्यांचे वास्तव्य होते त्या जिजाबाईंचा उल्लेख मात्र जुन्या लेखनात ‘मातुश्री’, ‘आऊसाहेब’ असा आदरार्थी येतो. आय, आई आणि आऊसाहेब या तीन शब्दांनी दर्शविलेले नाते एकच असले तरी त्यांमागील समाजस्थिती भिन्न आहे. पहिला शब्द घरातला आणि श्रमाचा, दुसरा शिक्षित मध्यमवर्गाचा, तिसरा अधिकाराचा. मराठी चित्रपटात या तिन्ही शब्दांच्या वाट्याला आलेल्या स्त्रिया एकाच अभिनेत्रीने मोठ्या प्रमाणात साकार केल्या. त्या अभिनेत्री म्हणजे सुलोचना लाटकर. त्यांच्या चित्रपटीय कारकीर्दीचा विचार बहुधा ‘सोशिक आई’ या एका विशेषणात संपविला जातो. तो तसा संपविणे कितपत योग्य आहे, हे या तीन शब्दांच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. मूकपटाच्या काळात ‘सुलोचना’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या रूबी मायर्स या वेगळ्या अभिनेत्री होत. बोलपटाच्या काळातही त्या काम करीत राहिल्या. त्यामुळे श्रेयनामावलीवर विसंबून केलेल्या याद्यांत दोन सुलोचनांची सरमिसळ झालेली आढळते. अभ्यासकांनी ती टाळावयास हवी.

सुलोचना लाटकर यांचा जन्म ३० जुलै १९२८ रोजी खडकलाट येथे झाला. हे गाव बेळगाव जिल्ह्यातील, म्हणजे मराठी व कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरील. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. मास्टर विनायकांच्या संस्थेत १९४३ च्या सुमारास त्यांचा चित्रपटसृष्टीशी संबंध आला आणि पुढे कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्यांची खरी घडण झाली. ‘सुलोचना’ हे नावही भालजींनीच दिलेले. १९४६ च्या ‘सासुरवास’पासून त्या नायिका म्हणून पुढे आल्या. १९४८ च्या जाळपोळीत भालजींच्या कोल्हापूर येथील स्टुडिओची राख झाली. त्या आघातातून सावरून त्यांनी पुरा केलेल्या ‘मीठभाकर’मध्ये (१९४९) सुलोचनाबाई होत्या. ‘जिवाचा सखा’ (१९४८), ‘पारिजातक’ (१९५१), ‘स्त्रीजन्मा ही तुझी कहाणी’ (१९५२) हे त्यांचे त्याच काळातील चित्रपट होत.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने या घडणीतील महत्त्वाची गोष्ट अशी की, सीमाभागातील खेड्यात वाढलेल्या या स्त्रीस पडद्यावर येण्यासाठी आपली बोली मागे ठेवावी लागली. घरातली बोली आणि ध्वनिमुद्रणासमोरची भाषा यांतील अंतर तिला प्रयत्नाने तोडावे लागले. प्रयत्नसाध्य उच्चाराची एक खूण असते : तो जपून केलेला असतो. बालपणापासून प्रमाणभाषा बोलणारा माणूस वाक्याच्या अखेरीस सैल पडतो, स्वर गिळतो, शब्द अर्धवट सोडतो. सुलोचनाबाईंच्या बोलण्यात असा सैलपणा विरळा. त्यांचे वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत पोचते आणि तेथे क्षणभर थांबते. या थांबण्यामुळे त्यांच्या साध्या वाक्यालाही वजन येते. ज्यास प्रेक्षक ‘सात्त्विकता’ म्हणत आले, तिचे एक मूळ या उच्चारशिस्तीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

समकालीन अभिनेत्रींशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. दुर्गाबाई खोटे यांचा अधिकार त्यांच्या आवाजाच्या भरदारपणात होता. ललिताबाई पवार यांचे सामर्थ्य शब्दाला धार देण्यात होते. सुलोचनाबाईंनी आवाज वाढविण्याऐवजी तो आवरण्याची वाट धरली. त्यांच्या भूमिकांतील निर्णायक क्षण बोलण्यापेक्षा न बोलण्याचे आहेत.

३

१९५३ साली शांताराम आठवले यांनी दिग्दर्शित केलेला ‘वहिनींच्या बांगड्या’ हा चित्रपट आला. त्याचा आधार य. गो. जोशी यांची त्याच नावाची कथा. सुलोचनाबाई त्या वेळी पंचविशीत होत्या. दिराला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविणारी ही वहिनी आहे. परंतु तिच्या वाट्याला ‘आई’ हा शब्द नाही. मराठी एकत्र कुटुंबात संबोधनाची एक विलक्षण रीत होती. घरातील दीर-नणंदा जिला ‘वहिनी’ म्हणत, तिला तिची स्वतःची मुलेही ऐकून ऐकून ‘वहिनी’च म्हणू लागत. म्हणजे नात्याचा निर्देश एक आणि संबोधन दुसरे, ही तफावत मराठी प्रेक्षकाच्या कानाला परिचित होती. चित्रपटाने त्या परिचित तफावतीतून करुण रस निर्माण केला. आईचे सर्व कर्तव्य करणारी स्त्री आणि तिला न मिळणारा आईचा शब्द, या दोहोंच्या मधली जागा सुलोचनाबाईंनी भरली. बांगड्यांचा त्याग हा कथेतील दृश्य त्याग. शब्दाचा त्याग हा त्याहून खोल होता.

दहा वर्षांनी आलेल्या ‘मोलकरीण’मध्ये (१९६३) हीच जागा उलट बाजूने येते. येथे स्त्री खरोखरच आई आहे, परंतु ती मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून वावरते. मध्यमवर्गीय घरात मोलकरणीस ‘बाई’ म्हणतात, किंवा तिच्या नावाने एकेरी हाक मारतात. ती हाक पोटच्या मुलाच्या घरात ऐकावी लागणे हा या कथेचा गाभा आहे. कथेची रचना योगायोगांनी भरलेली आहे आणि तिचा शेवटही अपेक्षित तोच आहे, हे मान्य करावयास हवे. तरीही भूमिका टिकते. कारण ही स्त्री बोलताना प्रत्येक क्षणी एक शब्द गिळत आहे, याची जाणीव अभिनेत्रीने कोठेही सुटू दिलेली नाही. १९६८ च्या राजा ठाकूर दिग्दर्शित ‘एकटी’त तो शब्द उच्चारणारा मुलगा आहे, पण ज्याच्यासाठी आयुष्य वेचले तोच दुरावल्यावर शब्द हाती राहून काय उपयोग, असा तेथील प्रश्न आहे.

या रांगेत १९५९ च्या ‘सुजाता’चा विचार अवश्य केला पाहिजे, कारण हिंदीतील सुलोचनाबाईंची ही सर्वांत अवघड भूमिका होय. बिमल रॉय यांचा हा चित्रपट सुबोध घोष यांच्या कथेवरून घेतलेला. घर बंगाली वळणाचे. पण त्या घरातील नूतन, शशिकला, ललिता पवार आणि सुलोचना या चारही प्रमुख स्त्रिया मराठी मुलखातून आलेल्या होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेली अनाथ मुलगी उच्चवर्णीय दांपत्य वाढविते. चारू ही त्या घरची गृहिणी. ती मुलीला खाऊपिऊ घालते, वाढविते, तिच्यावर मायाही करते. परंतु परक्यापुढे तिचा उल्लेख करताना ‘मुलगी’ न म्हणता ‘मुलीसारखी’ म्हणते. संपूर्ण चित्रपट त्या एका प्रत्ययावर तोललेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ‘सारखी’ हा शब्द साम्य सांगतो आणि त्याच वेळी ऐक्य नाकारतो. जातिभेद शिवीतून जसा व्यक्त होतो तसाच तो अशा सभ्य, मृदू शब्दयोजनेतूनही व्यक्त होतो, हे त्या चित्रपटाने दाखविले.

येथे सुलोचनाबाईंची भूमिका आजवरच्या नेमकी उलट होती. मराठीत ज्या स्त्रीला शब्द मिळत नव्हता, तीच येथे शब्द अडवून धरते. मात्र त्यांनी चारूला दुष्ट केले नाही. तिचा आवाज तोच मृदू राहिला, चेहरा तोच वत्सल राहिला. आणि म्हणूनच ते ‘सारखी’ अधिक टोचते. वाईट स्त्रीने केलेला भेद प्रेक्षक सहज झटकून टाकतो. चांगल्या स्त्रीने केलेला भेद त्याला स्वतःच्या घरापर्यंत घेऊन जातो. शेवटी चारूचा जीव वाचविण्यास सुजाताचेच रक्त जुळते आणि ‘सारखी’ गळून पडते. हा उपाय नाट्यपूर्ण खरा, परंतु विचार म्हणून दुबळा आहे. माणुसकी सिद्ध करण्यास रक्ताचा पुरावा लागावा, हे मूळ प्रश्नापासून दूर जाणे होय. तथापि त्या दुबळेपणाचा दोष अभिनेत्रीकडे येत नाही.

वरील भूमिका एकत्र ठेवल्या म्हणजे एक सूत्र हाती येते. आईचा शब्द जेथे वादात असतो, म्हणजे तो मिळवावा, गिळावा किंवा अडवावा लागतो, तेथे सुलोचनाबाईंचा अभिनय कलेच्या पातळीवर जातो.

४

या सूत्राची दुसरी बाजू हिंदी चित्रपटांत दिसते. १९५९ सालीच ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूर यांच्या आई झाल्या. शम्मी कपूर यांचा जन्म १९३१ चा. आई आणि मुलगा यांत तीन वर्षांचे अंतर होते. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या प्राण आणि देव आनंद यांची आई होत्या. प्राण १९२० साली जन्मलेले, देव आनंद १९२३ साली. म्हणजे दोन्ही मुलगे आईहून वयाने वडील. ही गोष्ट केवळ विनोद म्हणून सोडून देण्यासारखी नाही. नायकाचे वय थांबविता येते, स्त्रीचे मात्र घाईने पुढे ढकलावे लागते, हा त्या व्यवसायाचा नियमच त्यातून दिसतो. एकतिसाव्या वर्षी ज्या स्त्रीचे केस पांढरे केले गेले, तिच्या मधल्या वयाच्या भूमिका कोठे गेल्या, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. त्या कोणी लिहिल्याच नाहीत, हेच त्याचे उत्तर.

‘मजबूर’ (१९७४), ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) अशा चित्रपटांतून पुढे ही परंपरा चालू राहिली. या आईला गाव नाही, जात नाही, बोली नाही. ती पहिल्या दृश्यापासून ‘माँ’ आहे आणि तिचे सर्व मनुष्यत्व त्या एका अक्षरात बसविलेले आहे. शब्द येथे आयता मिळतो. त्यासाठी काही गमवावे वा कमवावे लागत नाही. परिणामी सुलोचनाबाईंची उच्चारशिस्त, त्यांचे थांबणे, त्यांचे आवरणे या साऱ्याला धरावयास कथेत आधारच उरत नाही. चेहरा तोच असतो, परंतु भूमिकेची प्रतिमा झालेली असते. मराठीत सुमारे पन्नास आणि हिंदीत त्याहून कितीतरी अधिक चित्रपट त्यांनी केले. १९९९ साली त्यांना पद्मश्री आणि पुढे २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. संख्या आणि सन्मान या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण संख्येतील मोठा वाटा प्रतिमेचा आहे, भूमिकेचा नाही, हे समीक्षेने सांगितले पाहिजे.

५

आता तिसऱ्या शब्दाकडे, आणि त्या शब्दाच्या भूमीकडे वळावयाचे. १९६४ साली भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ आला. ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी त्याला संगीत दिले होते. त्यात सुलोचनाबाई जिजाबाई झाल्या, आणि एका पिढीच्या मनात जिजाबाईंचा चेहरा म्हणून त्यांचाच चेहरा राहिला.

मराठी शिवपटांतील जिजाबाई ही एक रूढ रचना आहे. ती बालशिवाजीस रामायण-महाभारतातील कथा सांगते, अन्यायाने व्यथित होते, मोहिमेवर निघणाऱ्या पुत्रास आशीर्वाद देते. संवादभाषेचीही एक रूढी आहे. मावळे ग्रामीण बोली बोलतात : ‘हाय’, ‘न्हाई’, ‘पानी’, ‘व्हतं’. शिवाजीमहाराज आणि जिजाबाई मात्र प्रमाण मराठीत, तिला थोडा दरबारी साज चढवून बोलतात. ही विभागणी सतराव्या शतकातील मावळात अशीच होती, असे मानण्यास आधार नाही. ती विसाव्या शतकातील रंगभूमीवरून चित्रपटात आली. तिचा परिणाम मात्र दूरगामी झाला. ‘आय’ म्हणणारे मावळे आणि ‘आईसाहेब’ म्हणणारे राजे अशी फाळणी होऊन राजगडाच्या पायथ्याची भाषा ही सेवकांची भाषा ठरली. खडकलाटच्या मुलीने आपली बोली मागे ठेवली तेव्हा तिला नायिका होता आले. मावळची बोली मागे राहिली तेव्हा जिजाबाई पडद्यावर उभी राहू शकली. दोन्ही ठिकाणी नियम एकच होता.

भाषेप्रमाणेच अधिकाराचेही झाले. इतिहासातील जिजाबाई केवळ कथा सांगणारी माता नव्हती. तिच्या नावाने निघालेली वतन-इनामांसंबंधीची पत्रे उपलब्ध आहेत. १६६६ साली शिवाजीमहाराज आग्र्यास गेले असता राज्याचा कारभार राजगडावरून तिच्या देखरेखीखाली चालला. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे येथील देशमुख-देशपांड्यांचे वतनाचे तंटे हा त्या काळच्या राज्यव्यवहाराचा नित्याचा भाग होता. अशा वादात दोन्ही बाजू ऐकून घेणारी, निवाडा देणारी, हुकूम लिहविणारी स्त्री म्हणजे आऊसाहेब. तो शब्द जन्माने मिळत नाही, कारभाराने मिळतो.

सुलोचनाबाईंचा अभिनयगुण या स्त्रीसाठी जणू घडलेला होता. निवाडा देणारा मनुष्य आवाज चढवीत नाही. तो ऐकतो, थांबतो आणि वाक्य पुरे करतो. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचणारे त्यांचे वाक्य आज्ञार्थी क्रियापदास नेमके शोभणारे होते. परंतु शिवपटाच्या रूढीने जिजाबाईकडे प्रेरणा मागितली, कारभार मागितला नाही. आशीर्वादाची वाक्ये लिहिली गेली. निवाड्याची लिहिली गेली नाहीत. म्हणून ही भूमिका त्यांच्या कारकीर्दीत सर्वांत तेजस्वी असूनही सर्वांत अपुरी आहे. त्यांनी रूढ मातेस धीरगंभीरपणा दिला, तिच्या अश्रूंना भावविवशतेपासून वाचविले. मात्र आऊसाहेब होण्यास त्यांना आवश्यक तो एक प्रसंग कोणी दिला नाही.

ही उणीव त्या काळापुरती होती असेही नाही. अलीकडे ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांत मृणाल कुलकर्णी यांनी जिजाबाई उभ्या केल्या. ‘पावनखिंड’ तर बाजीप्रभू व बांदल यांची, म्हणजे भोरच्या मातीची कथा. जिजाबाईंच्या ठायीची क्षात्रवृत्ती या चित्रपटांत अधिक ठळक झाली आहे. तरीही तलवारीकडे जाणारी माता दाखविणे सोपे आणि कागदाकडे पाहणारी माता दाखविणे अवघड, हा भेद कायम आहे.

६

सुलोचनाबाईंवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, त्यांच्या भूमिकांनी स्त्रीच्या सोसण्याचे उदात्तीकरण केले. कथानकांपुरता हा आक्षेप खरा आहे. वहिनी बांगड्या देते, मोलकरीण अपमान गिळते, आणि प्रेक्षक डोळे पुसून समाधानाने घरी जातो. व्यवस्था होती तशी राहते. पण कथा आणि अभिनय यांत भेद केला पाहिजे. सोसणारी स्त्री काय सोसते आहे हे नेमके दाखविणे म्हणजे सोसण्याचा गौरव नव्हे. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘सुजाता’ आणि ‘मोलकरीण’ या तीन चित्रपटांत त्यांनी नात्यातील शब्द कोण देतो, कोण रोखतो आणि त्याची किंमत कोण भरतो, हे दाखविले. भाषा ही सत्तेची वाटणी असते, हे तत्त्व ग्रंथांतून शिकविले जाते. त्यांनी ते एका थांबलेल्या वाक्यात दाखवून दिले. शेकडो आयत्या ‘माँ’ त्या कार्यापुढे बाजूला ठेवाव्यात.

४ जून २०२३ रोजी सुलोचनाबाईंचे मुंबईत निधन झाले. त्या वेळी वृत्तपत्रांतून ‘पडद्यावरील आई गेली’ अशा आशयाचे लेखन झाले, ते स्वाभाविकच होते. समीक्षेचे काम त्यापुढचे आहे. कोणती आई, असा प्रश्न तिने विचारावयास हवा. ‘आई’ त्यांनी पूर्णत्वास नेली. ‘आय’ त्यांच्याजवळ होती, पण पडद्याच्या दाराशी ती उतरवून ठेवावी लागली. ‘आऊसाहेब’ त्यांच्या आवाक्यात होती, पण ती कोणी लिहिली नाही. मराठी शिवपटांच्या संवादांचा पात्रवार भाषिक अभ्यास झाला, आणि त्याच्या शेजारी भोर व वेल्ह्यातील वृद्ध स्त्रियांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण ठेवता आले, तर या उणिवेचे स्वरूप अधिक नेमके कळेल. हे काम लवकर व्हावयास हवे. चित्रपट पुन्हा पाहता येतात; ‘आये’ अशी हाक मारणारी पिढी मात्र दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहे.